उंदरावर गुण आला म्हणजे नेमकं काय झालं?

डाळिंबाच्या सालीचा अर्क देऊन उंदरांची साखर उतरली, अशी बातमी आली की सोलापुरात ती वाचली जाणारच. सांगोल्याकडे मैलोन्‌मैल डाळिंबाच्या बागा आहेत, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि घरोघरी कुणी ना कुणी मधुमेहाची गोळी घेत असतं. साली वाळवून काढा करावा असं वाटणं साहजिक आहे. पण 'उंदरांची साखर उतरली' एवढ्या वाक्यात चार गोष्टी दडलेल्या असतात: कुठले उंदीर, त्यांची साखर चढवली कशी, अर्क किती दिला, आणि उतरली ती कुणाच्या तुलनेत. उंदराला जेवढं विचाराल तेवढंच तो सांगतो. त्यामुळे त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर आधी प्रश्न कसा विचारला ते बघावं लागतं. तेच इथे सालीच्या याच उदाहरणावरून सविस्तर सांगत आहोत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत मोठाही उंदीर आणि छोटाही उंदीरच. प्रयोगशाळेत मात्र हे दोन निराळे प्राणी आहेत, रॅट आणि माउस. वाढ झालेला रॅटचा नर ३०० ते ५०० ग्रॅम भरतो, माउस जेमतेम २५ ते ४० ग्रॅम. दोघांचे पूर्वज एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वी वेगळे झाले, म्हणजे माउस हे काही रॅटचं पिल्लू नव्हे. भुसार मालाच्या गोदामात जमीन पोखरणारी घूस ही तर तिसरीच जात. ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या प्राणिगृहात, काम करणारे मोठ्याला 'रॅट' असंच म्हणतात, पुढे आपणही तोच शब्द वापरू.

आपल्याकडच्या फार्मसी आणि वैद्यकीय महाविद्यालयांत दिसतो तो बहुतेक वेळा विस्टार रॅट: पांढरी लव, लाल डोळे, स्वभावाने गरीब. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ पासून हा वंश वाढवला गेला. गटारातला उंदीर पकडून त्याच्यावर प्रयोग का करत नाहीत? त्याचं वय माहीत नसतं, त्याने आजवर काय खाल्लं ते माहीत नसतं, आणि त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरासारखे जंतू माणसाला लागू शकतात. कायद्यानेही नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच प्राणी आणावे लागतात.

रॅट सोयीचा का, हे आकड्यांतच कळतं. गर्भाचा काळ २१ ते २३ दिवस, एका वेतात ८ ते १२ पिल्लं, तीन आठवड्यांनी दूध तुटतं, आठ-दहा आठवड्यांत पिल्लू प्रयोगाला तयार. एकूण आयुष्य दोन ते तीन वर्षं. एखादी गोष्ट जन्मभर पोटात गेली तर काय होईल, हे दोन वर्षांत पाहता येतं. दुसरी सोय रक्ताची. रॅटच्या अंगात दर १०० ग्रॅम वजनामागे साधारण ६.४ मिली रक्त असतं, म्हणजे २०० ग्रॅमच्या रॅटमध्ये जवळपास १३ मिली. एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांपर्यंत, सव्वा मिलीच्या आसपास, काढलं तर ते दोन आठवड्यांत भरून निघतं, आणि तेवढ्या रक्तात यकृत आणि मूत्रपिंडाच्या बऱ्याच तपासण्या होतात. माउसच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम दोन-तीन मिली.

गैरसोयीही आहेत. रॅटला पित्ताशय नसतं. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे माणसाने ओकून टाकला असता असा डोसही त्याच्या पोटात राहतो. मळमळ झाली की तो माती खायला लागतो. म्हणून औषधाने मळमळ होते का हे पाहायला पिंजऱ्यात केओलिन नावाची पांढरी माती ठेवतात आणि ती किती संपली ते मोजतात. शिवाय क जीवनसत्त्व तो स्वतःच्या अंगात तयार करतो. त्याच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीचा अभ्यास करायचा तर रॅट कामाचा नाही, गिनीपिग लागतो.

आता डाळिंबाची साल

विस्टार रॅटला सहसा आपणहून मधुमेह होत नाही, तो करावा लागतो. त्यासाठी सर्वांत जास्त वापरलं जातं ते स्ट्रेप्टोझोटोसिन. हा रेणू ग्लुकोजसारखा दिसतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी ग्लुकोज आत घेतात त्याच दारातून हाही आत शिरतो आणि पेशीचा डीएनए तोडतो. डोस वजनावर: किलोला ५५ मिलिग्रॅम धरला तर २०० ग्रॅमच्या रॅटला ११ मिलिग्रॅम, पोटाच्या पोकळीत एकच इंजेक्शन.

बरेच प्रयोग इथेच फसतात. स्ट्रेप्टोझोटोसिन साध्या पाण्यात टिकत नाही. ४.५ पीएचच्या थंडगार सायट्रेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता कायम राखणाऱ्या द्रावणात, ते विरघळवायचं, भांडं बर्फात ठेवायचं आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळी इंजेक्शनं उरकायची. एकाच वेळी ३० रॅटचं औषध कालवून ठेवलं तर पहिल्या दहांना मधुमेह होतो आणि शेवटच्या दहांना होत नाही. म्हणून थोडं थोडं ताजं करावं लागतं. पावडर उणे २० अंशाला ठेवायची असते. उन्हाळ्यात वीज जाऊन डीप फ्रीझर बंद पडला आणि कुणी नोंद केली नाही, तर महिनाभराने 'यंदा रॅटच चांगले नव्हते' असं कारण पुढे येतं. नर आणि माद्या मिसळूनही चालत नाही. या औषधापुढे मादी जास्त टिकते, तिची साखर तेवढी चढत नाही.

इंजेक्शननंतरची रात्र धोक्याची असते. मरणाऱ्या बीटा पेशींमधला इन्सुलिनचा साठा एकदम रक्तात उतरतो आणि साखर चढण्याऐवजी खाली कोसळते. त्यासाठी त्या रात्री पाण्याच्या बाटलीत ५ ते १० टक्के ग्लुकोज घालतात. ही बाटली लावायची राहिली तर सकाळी पिंजऱ्यात मेलेले रॅट सापडतात. ते मधुमेहाने मेलेले नसतात, साखर उतरून मेलेले असतात. ७२ तासांनी शेपटीच्या टोकाला बारीक टोचून, घरात असतो तसल्याच ग्लुकोमीटरवर साखर बघायची. २५० मिलिग्रॅमच्या वर गेलेलेच रॅट प्रयोगात घ्यायचे.

साखर उपाशीपोटी मोजायची, पण उपाशी ठेवायचं कसं? माणसासारखं रात्रभर ठेवलं तर चुकतं. रॅट निशाचर आहे, त्याचं मुख्य जेवण रात्रीचंच. संध्याकाळी खाद्य काढून घेतलं तर त्याचा अख्खा दिवस उपासात जातो आणि वजनही उतरतं. सकाळी सातला खाद्य काढून दुपारी एकला मोजलं तर पाच-सहा तासांचा उपास पुरतो.

मग गट पाडायचे. नेहमीची मांडणी पाच गटांची, प्रत्येकी सहा रॅट: निरोगी, मधुमेही पण अर्क न दिलेला, मधुमेही आणि माहितीतलं औषध दिलेला, अर्काचा कमी डोस आणि अर्काचा जास्त डोस. एकूण तीस. कुठला रॅट कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. हाताला सहज लागतात ते सुस्त रॅट आणि पळतात ते तल्लख. हाताने निवडले तर पहिला गट आजाऱ्यांचा आणि शेवटचा धडधाकटांचा होतो, आणि मग औषध काहीही असो, शेवटचा गट जिंकतो. ओळखीसाठी पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका लावतात: एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीच्या मुळाशी. साखर मोजणाऱ्याला कुठला पिंजरा कुठल्या गटाचा हे कळू नये, म्हणून पिंजऱ्यावर फक्त क्रमांक.

मधुमेही पण अर्क न दिलेला गट हा प्रयोगाचा कणा आहे. स्ट्रेप्टोझोटोसिनचा डोस थोडा कमी पडला तर काही रॅटच्या उरलेल्या बीटा पेशी सावरतात आणि साखर आपोआप उतरते. हा गट नसेल तर ते श्रेय सालीला जातं. तिसऱ्या गटातही एक खूण दडलेली आहे. तिथे बऱ्याचदा ग्लिबेनक्लामाइड देतात, आणि ते काम करतं ते बीटा पेशींकडून इन्सुलिन काढून घेऊन. ते लागू पडलं याचा अर्थ त्या रॅटमध्ये बीटा पेशी बऱ्यापैकी शिल्लक होत्या, मधुमेह अर्धवटच झाला होता. शोधनिबंध वाचताना आधी या गटाचे आकडे बघावेत.

अर्क रोज २८ दिवस तोंडातून द्यायचा. टोकाला गोळी असलेली वाकडी सुई असते, तिची लांबी तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरूनच मापून घेतात. १०० ग्रॅम वजनाला जास्तीत जास्त १ मिली. सुई घशातून आपसूक सरकली पाहिजे. अडली तर जोर न लावता बाहेर काढायची, कारण ती श्वासनलिकेत असू शकते, आणि नाकातून थेंब आला तर तिथेच थांबायचं. सालीचा अर्क चिकट असतो, तो ०.५ टक्के सीएमसीच्या (दाटपणा आणणाऱ्या पावडरीच्या) पाण्यात कालवतात आणि गाळ खाली बसतो. प्रत्येक वेळी बाटली हलवली नाही तर पहिल्या रॅटला पाणी मिळतं आणि शेवटच्याला गाळ. मधुमेही रॅट रोडावत जातात, त्यामुळे दर आठवड्याला वजन करून डोस नव्याने काढावा लागतो.

मधुमेही रॅटचा पिंजरा लांबून ओळखू येतो. निरोगी २०० ग्रॅमचा रॅट दिवसाला २० ते २५ मिली पाणी पितो, मधुमेही १०० मिलीच्याही पुढे जातो आणि तितकंच मुततो. खाली अंथरलेलं भाताचं तूस एका रात्रीत चिंब होतं. इतर पिंजऱ्यांचं तूस आठवड्यातून दोनदा बदलून भागतं, यांचं रोज बदलावं लागतं. नाही बदललं तर अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, रॅटच्या नाकाची आणि फुप्फुसांची आतली त्वचा सुजते आणि न्यूमोनिया होतो. मग रॅट मरतो फुप्फुसांच्या आजाराने आणि वहीत लिहिलं जातं मधुमेहाने. बोअरच्या जड पाण्याने बाटलीच्या नळीच्या तोंडाशी क्षार साचतो, थेंब यायचा थांबतो. बाटली भरलेली दिसते आणि रॅट तहानलेला असतो. रोज सकाळी नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का हे बघणं, एवढाच त्यावर उपाय.

सोलापूरचा मे महिना

नियमांनुसार प्राणिगृहाचं तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, आणि तासाला १२ ते १५ वेळा खोलीतली हवा बदलली पाहिजे. बाहेर ४३-४४ अंश असताना हे सांभाळणं सोपं नाही. रॅटला माणसासारखा घाम येत नाही. तो अंगातली उष्णता शेपटीवाटे बाहेर टाकतो आणि फार तापलं की लाळ अंगाला चोपडतो. उकाड्यात त्याची पहिली प्रतिक्रिया म्हणजे खाणं कमी करणं. आणि खाणं कमी झालं की साखर उतरते. सालीने उतरली की उन्हाने, हे ग्लुकोमीटर सांगत नाही.

अर्कातही हीच मेख आहे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर, म्हणून ती तुरट लागते. जास्त डोसने रॅटचं पोट बिघडलं, भूक मेली, तरी साखर उतरणारच. म्हणून रोज किती ग्रॅम खाद्य ठेवलं आणि सकाळी किती उरलं हे तोलून लिहावं लागतं. साधारणपणे १०० ग्रॅमचा रॅट दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास खातो. ज्या प्रयोगात साखरेचे आकडे आहेत पण खाद्याचे नाहीत, त्याच्या निष्कर्षावर आम्ही भरवसा ठेवत नाही. आणि साल कुठली? तेल्या रोगासाठी बागेत वारंवार फवारण्या होतात, त्यांचा अंश सालीवरच बसतो आणि अर्क आटवताना आणखी दाट होतो. प्रयोगासाठी साल घेताना बागेचा फवारणीचा हिशोब मागावा लागतो. घरी काढा करणाऱ्याकडे तो नसतो.

आता डोसचं गणित, कारण सर्वांत मोठी चूक इथे होते. रॅटला किलोला २०० मिलिग्रॅम अर्क दिला तर ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम, असा सरळ गुणाकार करायचा नसतो. लहान प्राण्याच्या शरीराची भट्टी जोरात चालते, रॅटचं हृदय मिनिटाला ३०० ते ४०० ठोके मारतं, त्याचं शरीर औषध लवकर संपवतं. म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने रॅटच्या डोसला ६.२ ने भागतात, माउसच्या डोसला १२.३ ने. २०० भागिले ६.२ म्हणजे किलोला सुमारे ३२ मिलिग्रॅम, आणि ६० किलोच्या माणसाला जवळजवळ २ ग्रॅम. तोही अर्क, साल नव्हे. पाच किलो वाळल्या सालीतून एक किलो अर्क निघाला असेल तर २ ग्रॅम अर्क म्हणजे १० ग्रॅम साल. बरं, हा अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर पाण्यातल्या काढ्यात तेच घटक त्याच प्रमाणात उतरतील असंही नाही. हे भागाकाराचं उत्तरही माणसाला द्यायचा डोस नसतो. माणसांवरची चाचणी कुठून सुरू करायची याचा तो अंदाज असतो, आणि प्रत्यक्षात सुरुवात त्याच्याही बऱ्याच खाली, बहुधा दहाव्या भागापासून करतात.

शेवटची मेख मधुमेहाच्या प्रकाराची. स्ट्रेप्टोझोटोसिनने बीटा पेशीच मारलेल्या असतात, हे चित्र लहान मुलांत दिसणाऱ्या पहिल्या प्रकाराच्या मधुमेहाशी जुळतं. आपल्या घरातल्या बहुतेकांना असतो तो दुसरा प्रकार: इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्याच्या जवळ जायचं तर रॅटला आधी चरबीयुक्त खाद्यावर ठेवून मग स्ट्रेप्टोझोटोसिनचा छोटा डोस द्यावा लागतो. मोहालीच्या नायपर या औषधसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन आठवडे चरबीचं खाद्य आणि नंतर किलोला ३५ मिलिग्रॅम असा हिशोब आहे. बातमीत 'मधुमेही उंदीर' एवढंच असतं, यातला कुठला ते नसतं.

शेंगा, बुरशी आणि दोन निराळे उंदीर

रॅट आणि माउस यांतला फरक किती खोल जातो, हे सोलापूरकराला शेंगदाण्यावरून चटकन कळेल. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. कारण निघालं त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड आणि तिच्यावर वाढलेली बुरशी. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. किलोभर खाद्यात फक्त ०.१ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन घालून रॅटला दीर्घकाळ खायला दिलं, तेव्हा सगळ्यांना यकृताच्या गाठी झाल्या. माउसला मात्र असल्या डोसचं काहीच वाटत नाही. माउसच्या यकृतात या विषाला निकामी करणारं एक एन्झाइम जोरात काम करतं, रॅटमध्ये ते त्या मानाने कमजोर आहे. फक्त माउसवर पाहिलं असतं तर हे विष निर्धोक ठरलं असतं. माणूस याबाबतीत सुरक्षित नाही हे लोकसंख्येच्या अभ्यासांतून पुढे स्पष्ट झालं, आणि आज अफ्लाटॉक्सिन माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात आहे. ओल लागलेले, सुरकुतलेले, काळपट दाणे चटणीसाठी कुटायचे नाहीत. भाजल्याने बुरशी मरते, विष पूर्ण जात नाही.

उलटही घडलं आहे. जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन शोधलं, तर ते रॅटमध्ये चाललंच नाही. रॅटच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल 'चांगल्या' एचडीएलच्या रूपात असतं, उतरवायला वाईट कोलेस्टेरॉल फारसं नसतंच. तेच औषध अंडी घालणाऱ्या कोंबड्यांत आणि कुत्र्यांत चाललं, आणि आज कोट्यवधी लोक स्टॅटिनच्या गोळ्या घेतात. थॅलिडोमाइड या औषधाने माणसाच्या गर्भात जे व्यंग आणलं ते रॅटमध्ये नीट दिसत नाही, सशात दिसतं. म्हणूनच नव्या औषधाची विषबाधा चाचणी एक कुरतडणारा आणि एक न कुरतडणारा अशा दोन जातींवर करतात.

परवानगी आणि वेदना

भारतात हे सगळं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतं. संस्थेला नोंदणी लागते, आणि प्रत्येक प्रयोगासाठी 'फॉर्म बी' भरून संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे जावं लागतं. समितीत पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाबाहेरची एक व्यक्ती असते आणि सरकारी समितीचा प्रतिनिधी असतो. पहिला प्रश्न असतो, प्राणी लागतातच का? दुसरा, तीसच का? आकडा मोठा चालत नाही आणि फार छोटाही चालत नाही. तीन-तीन रॅटच्या गटात फरक दिसतच नाही, मग सगळे रॅट फुकट जातात आणि प्रयोग पुन्हा करावा लागतो. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं याच्या मुळाशी आहेत: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा.

पर्याय खरोखर वाढत आहेत. फार्मसीच्या विद्यार्थ्यांना औषधाचा परिणाम दाखवायला पूर्वी प्राणी वापरत, आता तोच प्रयोग बऱ्याच ठिकाणी संगणकावर होतो, आणि पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेलं 'एक्सफार्म' हे सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्या भारतात २०१४ पासून बंद आहेत. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत बदल होऊन मानवी पेशी, चिपवरचे अवयव (छोट्या चिपवर अवयवासारखं काम करणाऱ्या पेशी) आणि संगणकीय पद्धतींना मान्यता मिळाली. पण पोटात गेलेला अर्क आतड्यातून यकृतात, तिथून रक्तात आणि मूत्रपिंडात जाताना वाटेत काय काय करतो, हा सगळा प्रवास एकत्र पाहायला आजही जिवंत प्राणी लागतो.

२८ व्या दिवसानंतर रॅट परत पिंजऱ्यात जात नाहीत. त्यांना मारायला भुलीच्या औषधाचा जादा डोस किंवा बंद पेटीत सावकाश सोडलेला कार्बन डायऑक्साइड: दर मिनिटाला पेटीच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के. एकदम भरला तर गुदमरण्याचा त्रास शुद्धीत असताना होतो. एका वेळी एकाच पिंजऱ्यातले रॅट घ्यायचे आणि मधे पेटी पुसून घ्यायची, म्हणजे आधीच्या रॅटच्या भीतीचा वास पुढच्याला लागत नाही. हृदय थांबल्याची खात्री झाल्यावरच अवयव काढायचे. स्वादुपिंड लगेच, कारण ते स्वतःच्याच पाचकरसांनी विरघळू लागतं. आधी टिकवायला दहा टक्के फॉर्मालिन, मग सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाच मायक्रॉनचे काप. यकृत आणि मूत्रपिंडही ठेवायचं, त्याच रॅटकडून अर्क विषारी आहे का हेही कळतं आणि त्यासाठी दुसरे रॅट लागत नाहीत. उरलेलं शरीर पिवळ्या पिशवीत, जाळायला. आणि त्या दिवशी रजिस्टरमध्ये मधेच मेलेले आणि शेवटी मारलेले यांची बेरीज आलेल्या रॅटच्या आणि फॉर्म बी वरच्या आकड्याशी जुळावी लागते.